तुम्ही इथे आहात

अटलांटा, शहाण्णवचा जून.
मला एक टोपी मिळाली, दोन शर्ट, कमरेला बांधायचा बटवा
आणि एक नियम:
रस्ता दाखवताना बोट दाखवायचं नाही,
अख्खा तळवा उघडायचा,
पंगतीत ‘बसा’ म्हणतात तसा.
‘माहीत नाही’ कधीच म्हणायचं नाही.
म्हणायचं, ‘चौकशी करून सांगतो.’
हे मला कुणी शिकवायला नको होतं;
जत पंचायत समितीत
माझे वडील एकतीस वर्षं हेच सांगत आले.

रोज सकाळी शहर कालच्याहून नवं.
ट्रकमधून हिरवळ उतरायची
सतरंज्यांसारखी गुंडाळलेली,
माणसं ती उलगडायची, बुटानं कडा जुळवायची,
दुपारपर्यंत वाटायचं, ही इथलीच, जन्मापासूनची.
झाडं आली तीही वयात आलेली,
बुंध्याला रोपवाटिकेची चिठ्ठी,
किंमत फाडायची राहून गेलेली.
कारंजं पहिल्यांदा उडालं तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.
मीसुद्धा. खोटं कशाला बोलू,
आवडलं मला.

एकदा कलेक्टर येणार म्हणून
वडिलांनी रस्त्याकडेचे दगड चुन्यात बुडवून घेतले होते.
बाभळींना गेरूचा पट्टा,
शाळेच्या फक्त रस्त्याकडच्या भिंतीला रंग.
जीप थांबलीच नाही.
मला वाटायचं ही आमचीच गरिबी.
मार्टाच्या गाडीतून पाहिलं तर
रुळांकडची बाजू झकास, विटा नव्या,
आणि वळणावर क्षणभर दिसणारी मागची बाजू
होती तशीच.
इथला चुना महाग, एवढंच.

माझी जागा नकाशाच्या फलकापाशी,
सकाळी सहा ते दोन.
फलकावर लाल ठिपका: तुम्ही इथे आहात.

लुशियस टॉलिव्हर सव्वासहाला यायचा,
त्या उकाड्यातही कोट, खिशात दाढीचा ब्रश.
तो समोरच्या बाकावर झोपायचा,
मग एका रात्रीत बाकांच्या मधोमध
लोखंडी हात बसवले गेले.
‘आता बाक दोघांचा झाला,’ तो म्हणाला,
‘आणि मी एकटाच.’
हसला. मग मीही.

एके सकाळी त्यानं हार्लन स्ट्रीट विचारली.
आई तिथे लोकांचे कपडे इस्त्री करायची,
खिडकीत कायम वाफ.
मी नकाशात शोधली. त्यानंही,
आधी लाल ठिपक्यावर बोट टेकवून,
मग हळूहळू उत्तरेला सरकवत.
बोट फिकट हिरव्या रंगात गेलं
आणि तिथेच थांबलं.
‘चौकशी करून सांगतो,’ मी म्हणालो.

केली हो चौकशी.
आमच्या सुपरवायझर गॅडिसबाई, मायाळू,
रोज सगळ्यांसाठी पीच कापून आणणाऱ्या,
म्हणाल्या, ‘या आवृत्तीत ती नाहीये, बाळा.’

पुढच्या आठवड्यात त्याच्या हातात बसचं तिकीट होतं,
फक्त जाण्याचं.
अलाबामा, बहिणीकडे.
बहीण जाऊन सोळा वर्षं झाली होती,
पण अर्जावर नातेवाइकाचा रकाना असतो
आणि तो रिकामा ठेवता येत नाही.

‘बस स्टेशन कुठल्या बाजूला?’ त्यानं विचारलं.
हे मला माहीत होतं.
मी तळवा उघडला.
अख्खा.

मग जग आलं. भाषाच भाषा, झेंडे, घाम.
मी हजारोंना शौचालयं दाखवली, स्टेडियमची दारं दाखवली.
कुणी विचारलंच तर फिकट हिरव्या रंगाला
बागच म्हणालो.

ऑगस्टात फलक उतरवायला दोघे आले.
इतक्या बोटांनी इतके दिवस स्वतःला शोधलं होतं
की लाल ठिपका पुसून
खालचा पत्रा दिसत होता.
बाकी शहर शाबूत.

मला प्रशस्तिपत्र मिळालं, नावात दोन चुका.
वडिलांनी ते जतला फ्रेम करून लावलं,
रस्त्यावरून जाणाऱ्याला दारातून दिसेल
अशा भिंतीला.
पत्रात विचारलं, लोक पाहायला येतात,
तुझं नेमकं काम काय होतं, ते एकदा नीट कळव.

मी लिहिलं,
रस्ता दाखवणं.